तीन नंबरचा माल

मी आयुष्यात एकदाच कुत्र्याचं खाणं खाल्लं. चांगलं होतं.

हे वाक्य मी जेवणाच्या पंगतीत म्हटलं की नातवंडं टाळ्या पिटतात, सून तोंडाला ओढणी लावते आणि आमचे अप्पा ताट उचलून दुसऱ्या खोलीत जातात. (अप्पा म्हणजे माझे यजमान. सारं लातूर त्यांना अप्पा म्हणतं, म्हणून मीही म्हणते. ते का उठतात, ते कळेलच.)

आता मी बोळक्या तोंडाची म्हातारी आहे. माझं हसं झालं तर सगळ्यात आधी मीच हसते. पण तेव्हा पन्नाशी नुकती उलटली होती, दात शाबूत होते आणि डोक्यात एक समज पक्का बसला होता: लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, खरा माल ओळखणारी माणसं दोनच, एक मी आणि दुसरे अप्पा. अप्पांचं नाव मी केवळ नवरा म्हणून घालायची.

मोंढ्यात आमची अडत. सोयाबीन, तूर, हरभरा. माझे सासरे सांगायचे, "मालकाचं नाव इचारू नका, दाण्याला इचारा." माल बघायची आमच्या घराची रीत ठरलेली. पोत्यातून मूठभर काढायचं, तळहातावर नाचवून वजन जोखायचं, फुंकर मारून कचरा बघायचा आणि शेवटी एक दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट वाजला तर माल वाळलेला. दबला तर ओला, भाव खाली. मी उदगीरहून लग्न होऊन आले ती या कटकटीतच शिकले. पुढं ही सवय अंगात इतकी मुरली की साडी घ्यायला गेले तरी काठ दाताखाली धरून बघावासा वाटायचा!

अशा घरात सून आली नांदेडची. शिल्पा. शिकलेली, गोड बोलणारी, आणि सोबत एक लंगडा कुत्रा. मोत्या.

"आत्याबाई, तो माझ्याशिवाय जेवत नाही हो."

म्हटलं, राहू दे. एक कुत्रा, एक भाकरी. पण कुत्र्यांमध्ये बातमी कशी पसरते देव जाणे! नांदेड रस्त्याला आमचं पत्र्याचं शेड होतं, सोयाबीन ठेवायला बांधलेलं. हंगाम सोडला तर रिकामंच. शिल्पानं तिथं गाडीखाली सापडलेली, आंधळी, खरुज झालेली, कुणी मारून हाकललेली कुत्री आणून ठेवली. मग लोकांना कळलं. सकाळी गेट उघडावं तर पिल्लं हजर! कुणी बुटाच्या खोक्यात, कुणी आंब्याच्या पेटीत. एका पिल्लाला तर हळदकुंकू लावून, शाल पांघरून ठेवलेलं. जणू सासरी पाठवणी!

आता एवढ्या जणांना खायला काय? भाकरी! उजाडल्यापासून आमच्या घरात थपाथप सुरू. मी थापायची, शिल्पा भाजायची. पाव्हणे विचारायचे, घरात लग्न हाय का?

एकदा अप्पा जेवायला बसले. समोर भाकरीची थप्पी, हात लांबवला.

"हां हां! ती कुत्र्यांची."

"अन् ही टोपल्यातली?"

"ती पण."

"मग माझी कुठाय?"

"पीठ संपलंय. दळण टाकलंय गिरणीत. येईलच आता."

अप्पा पाणी पिऊन उठले. दारात थांबून म्हणाले, "दसऱ्याला नवीन सोयाबीन यायलंय. तवर ह्या तव्यावरची कुत्र्याची भाकर बंद करून दाखवा. न्हाई झाली तर शेड रिकामं करायचं. अन् महागाचं काही आणायचं न्हाई. सांगून ठेवतो."

शिल्पाचे डोळे भरून आले. शेड गेलं तर ही मुकी लेकरं जाणार कुठं? पुन्हा रस्त्यावर! तिचं तोंड बघून मला राहवेना. (आणि मला मोठेपणा मिरवायची हौस भारी!) मी छाती ठोकून म्हटलं, "रडू नकोस. जिम्मा माझा."

शिल्पा नाक पुसत म्हणाली, "कुत्र्यांचं कोरडं खाणं मिळतं आत्याबाई. बारीक गोळ्या असतात. शिजवायला लागत नाही. स्वस्तातलं पण असतं, पण त्यातलं चांगलं कोणतं ते नीट बघून घ्यावं लागतं. पोत्यात येतं."

"पोत्यात येतं?" माझे डोळे चमकले. "मग तू त्यात पडूच नकोस. पोत्यातल्या मालाचं मला सांगतीस व्हय?"

नांदेडला शिल्पाच्या माहेरच्या गल्लीतला मनोज हा धंदा करायचा. फोन केला, गडी तीन प्रकारच्या नमुन्यांच्या पिशव्या घेऊन हजर! शिल्पा तेव्हा शेडवर कुत्र्यांना आंघोळ घालायला गेली होती. दारात गाडी थांबली म्हटल्यावर गल्लीतल्या बायका जमल्या. सगळ्यांत पुढं सुमनअक्का. (आमच्या गल्लीत मांजर व्याली तरी सुमनअक्का बारशाला पुढं.)

मनोज पिशवी दाखवत म्हणाला, "काकू, बगा, हिच्यावर सगळं लिवलेलं हाय. ह्यात काय काय घातलंय..."

"झाक ते!"

"काकू, पण वाचून..."

"लिहिलेलं वाचून माल घेणाऱ्याचं दिवाळं निघतं! पिशव्या आत नेऊन ठेव. माल कागदावर ओत. एक, दोन, तीन. नाव नाही, गाव नाही."

बिचाऱ्यानं तीन ढीग घातले. तपकिरी, गोल गोल, दिसायला गोड. बायका गोल करून बसल्या. मी पदर खोचला आणि पहिल्या ढिगातला माल तळहातावर नाचवला. फुंकर मारली.

"चुरा लई हाय ह्यात. तळाला अर्धी पिशवी पीठच निघंल."

मग एक दाणा टाकला दाढेखाली.

मनोज ओरडला, "काय करून राहिल्या काकू! ते माणसाचं न्हाई!"

"माल माल असतो. हा दबतो बघ दाताखाली. ओला हाय. नापास!"

दुसरा ढीग. हलका, भुश्यासारखा. चावला तर तोंडात लाकडाचा भुगा! "हे कुत्र्याला काय, म्हशीलासुद्धा घालू नये."

आणि मग तिसरा. काय सांगू! तळहातावर वजनदार, एकसारखा, कचऱ्याचं नाव नाही. दाढेखाली धरला आणि कट्ट! असा कट्ट मी आयुष्यात फक्त किल्लारीकडच्या एका तुरीचा ऐकला होता. आणि चव? चवदारसुद्धा होता हो! मी अजून दोन टाकले. (तपासायला.)

"काकू, त्यात..." मनोजनं पुन्हा तोंड उघडलं.

"तू गप! तू चाखलायस का कधी?"

"मी? कामून?"

"न चाखता विकतोस? लाज न्हाई वाटत? खा!"

गल्लीच्या एवढ्या बायका रोखून बघायल्यात म्हटल्यावर मनोजनं डोळे मिटले आणि एक दाणा गिळला. गडी घामाघूम झाला. मी मात्र सगळ्यांकडं पुढं करत होते, "घ्या, बघा, बघा कसा वाजतो." सुमनअक्कानं एक घेतला. परत घेतला. परत घेतला.

"आगं, खमंग हाय की! जवस घातलंय का गं ह्यात?"

"तीळ असंल," दुसरी म्हणाली.

"न्हाई, भाजलेल्या हुलग्यासारखं लागतंय," तिसरीनं निकाल दिला आणि सुमनअक्कानं चार दाणे पदराला बांधले. "नातवाला दाखवते."

मनोज "येतो काकू" म्हणून जो पळाला, तो पिशव्या विसरूनच.

तिन्हीसांजेला अप्पा मोंढ्यातून आले. टोपी खुंटीला लावली आणि कागदावरचे ढीग बघून थांबले. मी सांगते, चाळीस वर्षं मोंढ्यात बसलेल्या माणसासमोर ढीग आला की त्याला मन नसतं, नुसता हात असतो! त्यांनी विचारलंही नाही. तिसऱ्या ढिगात हात घातला, मूठ वर केली, फुंकर मारली आणि मोकळ्या हातानं सगळी मूठ तोंडात!

कट्ट. कट्ट. कट्ट.

"वा! लई वाळलेला माल. कुठला गं? मीठ जरा कमी हाय, न्हाईतर एक नंबर." आणि दुसरी मूठ.

तेवढ्यात शिल्पा आली. केस ओले, हाताला ओरखडे. तिनं आत जाऊन पिशव्या आणल्या आणि त्यातला दाणा एकेका ढिगाशी ताडून बघितला.

"आत्याबाई, हा एक नंबर मासळीचा. दोन नंबर सोयाबीनचा, हा शाकाहारी. आणि तीन नंबर..." तिनं पिशवी फिरवली. पिशवीवर एक तुरेबाज कोंबडी ऐटीत उभी होती. "हा चिकनचा."

अप्पांचा जबडा चालता चालता थांबला.

आमच्या घरातच काय, अख्ख्या गल्लीत अंडं फुटल्याचा आवाजसुद्धा कधी कुणी ऐकला नाही. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि तोंडात कोंबडी!

"चिकन म्हंजे..." अप्पा तोंड न हलवता म्हणाले.

"वाळवलेलं, दळलेलं, मामा. थोडंच असतं."

"तुम्ही खाल्लं?" शिल्पानं माझ्याकडं बघितलं.

"चाखलं! खाल्लं न्हाई, चाखलं! थुंकलं लगेच." (थुंकलं होतं. एक नंबरचं.)

अप्पा मोरीत गेले ते धोतरासकट. बादलीवर बादली ओतल्याचा आवाज आणि मधून मधून त्यांचा आर्त स्वर: "मीठ कमी म्हणालो मी! मीठ कमी म्हणालो!"

पूजेला बसले ते भस्माचा डबा रिकामा करूनच उठले. पांढऱ्याफटक चेहऱ्यात डोळे तेवढे दिसत होते. मग बोट रोखून मला म्हणाले, "त्या तीन नंबरच्या मालाचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई."

"मी कुठं तुमच्या तोंडात घातला? आपल्या हातानं..."

"नाव काढायचं न्हाई!"

झालं. मी जाहीर करून टाकलं की आमच्या शेडातली कुत्री आजपासून शाकाहारी. दोन नंबर! सोयाबीनच्या अडत्याची कुत्री सोयाबीनच खाणार. शिल्पा हळूच म्हणाली, "त्यांना विचारलंय का आत्याबाई?" मी तिच्याकडं दुर्लक्ष केलं. पोतं मागवलं, ताटल्या भरल्या. सगळी मंडळी पळत आली, ताटलीत बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं. भाव ऐकून शेतकरी अप्पांकडं बघतो ना, अगदी तसं! मोत्यानं नाकानं माती ढकलून ढकलून ताटली पुरली. पार पुरली! वर एक पाय टेकवून उभा राहिला, आता एक दगड ठेवला की समाधीच.

झालं, परत भाकरी! तिकडं दसरा जवळ आलेला. अप्पांनी शेडाचे पत्रे बघायला माणूस पाठवला. तो फळीवरची पिल्लं मोजत नव्हता, किती पोती बसतील ते मोजत होता. शिल्पा त्या दिवशी घरी येऊन जेवलीच नाही. मोत्याला मांडीवर घेऊन अंगणात बसून राहिली. आता तीन नंबरशिवाय गती नव्हती. पण मनोजनं फोनवर सांगितलेला तीन नंबरचा भाव आम्हाला झेपणारा नव्हता. भाव पाडून घेणार कोण? अप्पा नाव काढू देत नव्हते. म्हणजे मीच!

मनोजला बोलावलं. त्याची गाडी दिसली की गल्ली जमणार हे मी विसरलेच होते. सुमनअक्का आल्या आल्या म्हणाली, "ए, त्या तीन नंबरचं मलाबी दे की किलोभर. दिवाळीच्या चिवड्यात टाकते!"

या बायकांना मी अजून सांगितलंच नव्हतं! आणि आता ह्यांच्यासमोर चिकनचा भाव करायचा. बोललं तर मेले. न बोलता करायचा कसा?

आणि मला सासऱ्यांची युक्ती आठवली. बैलबाजारात ते रुमालाखाली सौदा करायचे. दोघांचे हात रुमालाखाली, बोटं धरायची, दाबायची. किती बोटं धरली त्यावरून भाव कळतो. भोवती शंभर माणसं असली तरी कुणाला काही कळत नाही. ठरलं! मी खांद्यावरचा टॉवेल काढला, मनोजच्या हातावर टाकला, आत हात घातला आणि त्याची दोन बोटं घट्ट धरली.

मनोज ताठ झाला.

मी बोटं दाबली आणि भुवया उडवल्या. म्हणजे, परवडतं का बोल.

त्याचा चेहरा पांढरा पडला. मी एक बोट वाढवलं. तीन. परत दाबली. डोळा बारीक केला.

"काकू..." त्याचा आवाज चिरकला. "काकू, माझं लग्न झालंय."

"आगं माय माय माय!" सुमनअक्कानं कपाळावर हात मारला. "ह्या वयात! अन् भरल्या गल्लीत!"

"गप गं!" मी ओरडले. आणि मनोजला दात ओठ खात म्हटलं, "भाव करायले रे मी, भाव!"

मनोजनं असा सुस्कारा सोडला की टॉवेल उडाला. सुटल्याच्या आनंदात गड्याचा आवाज एकदम मोकळा झाला, "भाव व्हय! मग तोंडानं बोला की काकू! पण खरं सांगतो, चिकनवाल्याला ह्याच्या खाली न्हाई परवडत!"

गल्लीत असा सन्नाटा पसरला की दोन घरं पलीकडची कुकरची शिट्टी ऐकू आली.

"कशाचं चिकन?" सुमनअक्का.

मनोज बिचारा सरळ माणूस. "ते तीन नंबरचं. तुम्ही तीनदा घेतलं ते."

पुढचं काय सांगू! एक बाई नळाकडं पळाली, दुसरी तिच्या मागं, तिसरी "मी तर नुसतं हातात धरलं होतं" म्हणत चूळ भरायला लागली. सुमनअक्का ओट्यावर बसकण मारून म्हणाली, "मी नातवालाबी दिलं गं! अन् ते पोरगं मागून राहिलंय परत!" मग माझ्यावर घसरली, "तुला ठाव होतं! अन् तू गप बसलीस! ह्यातला एक शब्द गल्लीबाहेर गेला तर बघ!"

आणि या क्षणी, वाचकहो, अडत्याच्या घरात काढलेली सगळी वर्षं माझ्या मदतीला धावून आली.

"जाणार न्हाई," मी शांतपणे म्हटलं. "पण तुमच्या घरात रोज भाकरी उरते का न्हाई?"

"उरती. मग?"

"उरलेली भाकरी गच्चीवर कडक वाळवायची, चुरायची, माझ्याकडं आणून द्यायची. तीन नंबरात मिसळली की निम्म्या मालात भागतं. तुम्ही भाकरी द्या, मी तोंड बंद ठेवते."

"अन् तू? तू न्हाई खाल्लंस?"

"खाल्लं की! मी तर सगळ्यांना सांगत सुटणार. मला कसली लाज?"

सुमनअक्काला असं हसू फुटलं की तिच्या मागून सगळी गल्ली हसायला लागली. ओल्या तोंडानं, चुळा भरता भरता! मनोजसुद्धा हसला आणि हसता हसता दर महिन्याच्या ठराविक मालाला भाव उतरवून देऊन बसला. (त्याला वाटलं, नाही म्हटलं तर ही बाई परत टॉवेल काढेल.)

दुसऱ्या दिवसापासून आमच्या तव्यावर फक्त माणसांच्या भाकरी. गल्लीतून टोपल्या येऊ लागल्या, कडक वाळवलेला चुरा, मिसळला तीन नंबर, आणि शेडात ताटल्या चाटून आरशासारख्या!

दसऱ्याच्या आधी अप्पा शेडवर आले, मागं सोयाबीनची गाडी. शिल्पा दारात उभी. अप्पांनी आत डोकावून बघितलं. म्हातारं आंधळं कुत्रं, तीन पायांची काळी, शाल पांघरलेलं ते पिल्लू, सगळी जेवणात गुंग. अप्पांनी गाडीवाल्याला हात केला, "पलीकडच्या गोदामात उतरव रे. ह्या शेडात उंदरं असतील." (इतकी कुत्री असताना उंदीर! शिल्पा तर मामांच्या पायाच पडली.)

अप्पा मोत्यासमोर उकिडवे बसले. मोत्यानं ताटलीत नाक घातलं, हुंगलं, नीट हुंगलं. मग एक दाणा अलगद उचलला, दाढेकडं सरकवला, मान कलती केली, आणि कट्ट! कान टवकारून आवाज ऐकला आणि मगच जेवायला लागला.

अप्पा माझ्याकडं वळून म्हणाले, "अडत ह्याच्या हवाली करावी म्हणतो. पारख अगदी तुझ्यासारखीच हाय. फरक येवढाच, हा तोंडात टाकायच्या आधी वास घेतो."